छत्रीवाल्यांची वाढीव खोली

पेन्सिलने आयुष्यात एकच खोली विनापरवानगी काढली. तीही अशा घराला, ज्याला पाया नाही, भिंती नाहीत आणि जे दर मंगळवारी साडेसात वाजता फक्त बावीस मिनिटं उभं असतं.

पेन्सिल म्हणजे बांधकाम परवानगी कार्यालयातला आरेखक. लोकांनी आणलेले घरांचे नकाशे तपासायचे आणि चुकलेले पुन्हा काढायचे, हे त्याचं काम. अंगकाठीमुळे हे नाव पडलं, असं तो सांगतो. कार्यालयातले लोक म्हणतात, कुणीतरी हातात धरल्याशिवाय काही करत नाही म्हणून पडलं. बारा वर्षांच्या नोकरीत त्याने कमावलेली एकच गोष्ट म्हणजे खिडकीजवळचं टेबल. डावीकडून उजेड, मागे भिंत, समोर कुणी नाही. आरेखकाला याहून जास्त काही लागत नाही. हे टेबल गेलं की माणूस तळघरातल्या दप्तरखान्यात जातो आणि नोंदवह्यांवर रेघा मारतो. गेल्या वर्षी एकाने नकाशातल्या झाडाला मिशा काढल्या. तो अजून खालीच आहे. जेवायच्या सुट्टीत वर येतो तेव्हा डोळे बारीक करतो.

आता त्या घराबद्दल. 'छत्रीवाले' नावाची मालिका एकतीस वर्षं चालू आहे. सगळी माणसं चित्रात काढलेली, कार्टूनमधली. बाप छत्र्यांच्या कारखान्यात कामाला. दर आठवड्याला त्याला काढून टाकतात आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कामावर असतो. आई, मुलगी, धाकटा मुलगा, एक कासव आणि हॉलमधल्या सोफ्यावर आजोबा. हे घर आजवर अकरा वेळा जळलं, दोनदा वाहून गेलं, एकदा तर हत्ती बसून सपाट झालं. पुढच्या मंगळवारी ते होतं तिथेच, पडद्यांसकट. पेन्सिलच्या खात्यात साधी पडवी पुन्हा बांधायची तर सात सह्या लागतात. त्यामुळे या घराबद्दल त्याला लहानपणापासून जो आदर होता, तो नोकरी लागल्यावर फारच वाढला.

एका मंगळवारी भाग संपला. सोफ्यावरच्या आजोबांनी नेहमीप्रमाणे कूस बदलली, नेहमीप्रमाणे खाली पडले आणि "मी झोपलो नव्हतो" म्हणाले. पेन्सिल एकदम म्हणाला, "एकतीस वर्षं हा माणूस सोफ्यावर झोपतोय. यांना एक खोली काढता येईल."

"कुणाला?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"त्या आजोबांना. मागच्या बाजूला जागा आहे. दहा बाय नऊची सहज बसेल."

बायकोने टीव्हीकडे पाहिलं. मग हॉलमधल्या दिवाणाकडे पाहिलं. दिवाणावर पेन्सिलचे वडील पाय पोटाशी घेऊन पडले होते, कारण दिवाण त्यांच्याहून अर्धा फूट आखूड होता. ती म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'ला तळघर होतं, हे पेन्सिलच्या फार उशिरा लक्षात आलं.

नकाशा एका रविवारात होईल असा त्याचा अंदाज होता. सहा रविवार गेले. पहिली अडचण जिन्याची. शेजारचे निवृत्त हेडमास्तर हे कानावर पडताच वही घेऊन आले. मालिकेच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या, आणि आजवर कुणी त्या मागितल्या नव्हत्या म्हणून मनातून ते दुखावलेले होते.

"जिना कुठून घेणार?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून."

"डावीकडून! एकशे सातव्या भागात उजवीकडून आहे."

"मग काय करू?"

"दोन्हीकडून घ्या. कुणी विचारलंच तर म्हणायचं, आधी भाग कोणता ते सांगा."

"पायऱ्या किती?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "चढताना तेरा, उतरताना अकरा."

पेन्सिलने स्वतः मोजलं. चढताना तेरा, उतरताना अकरा. मग त्याने कासवाची लांबी हे एकक धरून सगळं घर मोजलं. बाहेरून ते नऊ मीटर बाय सहा होतं. आतून चौदा बाय अकरा. त्याने तीनदा आकडेमोड केली आणि मग हातातली पेन्सिल खाली ठेवून हात जोडले. बाहेरून लहान आणि आतून मोठं घर मंजूर करून घ्यायला बिल्डर लोक बारा वर्षं त्याच्याशी भांडत होते आणि एकालाही ते साधलं नव्हतं. या लोकांनी कुणाच्या लक्षात येऊ न देता एकतीस वर्षं करून दाखवलं होतं.

"आणि बाथरूम?" त्याने विचारलं.

हेडमास्तरांनी वही उलटी चाळली, सुलटी चाळली. "बाथरूम दाखवलेलंच नाही," ते हळूच म्हणाले. "चौदाशे भागांत. मुलगी एकदा ओल्या केसांनी बाहेर येते. पण कुठून येते ते नाही."

दिवाणावरून बाबा म्हणाले, "जिन्याखाली असणार."

"कशावरून?"

"मीटर तिथे आहे. मीटर आणि बाथरूम शेजारीशेजारी नसावं म्हणतात, म्हणून लोक हमखास तिथेच करतात."

बाबा वीज कंपनीचे मीटर वाचायचे. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत शिरून आकडा टिपायचा आणि बाहेर पडायचं. शहरातली जेवढी घरं त्यांनी आतून पाहिली होती, तेवढी चोरांनीही पाहिली नसतील. तरीही पेन्सिलने बाथरूम काढलं नाही. जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा त्याचा नियम होता. दिसलेल्या घराला न दिसलेली खोली तो जोडत होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. नियमवाल्या माणसांचं असं होतं.

नकाशा झाला आणि पेन्सिलला चैन पडेना. अर्जाशिवाय नकाशा म्हणजे शर्ट घालून पँट विसरल्यासारखं. म्हणून निव्वळ शोभेसाठी त्याने कार्यालयाचा कोरा अर्ज भरायला घेतला. अर्जदाराचं नाव: छत्रीवाला. कामाचं स्वरूप: वडिलांसाठी वाढीव खोली, एक. अर्जदाराचं वय: अडतीस.

इथे तो थांबला. अडतीस हे त्याचं स्वतःचं वय होतं, सवयीने लिहिलं गेलं होतं. पण छत्रीवाल्याचंही अडतीसच होतं. पहिल्याच भागात त्याचा अडतिसावा वाढदिवस झाला होता आणि केक पंख्यात गेला होता. तो भाग पाहिला तेव्हा पेन्सिल सात वर्षांचा होता, म्हणजे मालिकेतल्या धाकट्याएवढा. बाबा तेव्हा एकोणचाळीसचे होते. आता सत्तरीचे. सोफ्यावरच्या आजोबांएवढे. म्हणजे बापलेक दर मंगळवारी एकाच घरात जात होते आणि एकेक जागा पुढे सरकत होते, आणि घर तसंच होतं. पेन्सिलने पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मी मुलगा म्हणून शिरलो होतो."

"कुठे?"

"त्या घरात. आता मी बाप आहे."

"आपल्याला अजून एकही नाही."

"तिकडे दोन आहेत," पेन्सिल म्हणाला. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो सगळा संच कार्यालयात घेऊन गेला. मोठ्या यंत्रावर एक नीट प्रत काढावी, एवढाच विचार. यंत्रापाशी रांग होती. पेन्सिलने संच क्षणभर हातातून खाली ठेवला. त्याच्या दुर्दैवाने खाली आवकवाल्याचा ट्रे होता.

आवकवाला म्हणजे येणाऱ्या कागदावर शिक्का मारणारा कारकून. ट्रेमध्ये जे पडेल त्यावर तो शिक्का मारतो. वाचत नाही; वाचणं हे दुसऱ्या टेबलाचं काम आहे. मागे कुणीतरी ट्रेमध्ये वाढदिवसाचं कार्ड ठेवलं होतं, त्याला तीन त्रुटी निघून ते परत गेलं. पेन्सिल वळला तेव्हा धप्प आवाज झाला होता. क्रमांक चार हजार चारशे सतरा.

"अरे, ते माझं आहे!" पेन्सिल ओरडला.

"आता कार्यालयाचं आहे."

"ते खोटं घर आहे रे. 'छत्रीवाले'."

आवकवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "आजोबांना खोली?" त्याने अर्ज वाचला. नोकरीत त्याने वाचलेला तो पहिला कागद असावा. "हे बरोबर नाही केलंस तू," तो म्हणाला. "पण नंबर पडला. आता मागे घ्यायचं तर अर्जदाराने स्वतः यावं, ओळखपत्र दाखवावं, सही करावी."

"अर्जदार काढलेला आहे!"

"मग काढलेली सही चालते का ते वर विचारतो."

"विचारू नकोस!" पेन्सिल म्हणाला, कारण वर मोठ्या बाई बसायच्या.

मोठ्या बाई म्हणजे खातेप्रमुख. त्या कधी ओरडत नसत. नुसतं "असं?" म्हणत, आणि माणूस आपण होऊन तळघराकडे चालू लागे. झाडाला मिशा काढणाऱ्याला त्यांनी एकदाच "असं?" म्हटलं होतं. खोटा अर्ज, खोटा अर्जदार, कार्यालयाचा खरा कागद. पेन्सिलने मनातल्या मनात टेबलाचे ड्रॉवर रिकामे करायला घेतले. खरं सांगावं, तर खोटी फाइल घुसवली म्हणून टेबल जाणार. गप्प बसावं, तर खोली मंजूर होणार आणि पुढे उघडकीला आल्यावर टेबल जाणार. त्याने तिसरा मार्ग निवडला. तो आजारी पडला.

फाइल मात्र ठणठणीत होती. ती स्थळपाहणीला गेली. पाहणीवाला हा खात्यातला सर्वांत आळशी माणूस. तो कधी कुठल्याच जागेवर जात नाही अशी त्याची कीर्ती होती. या एका फाइलवर त्याने लिहिलं: "मंगळवारी सायंकाळी साडेसात वाजता समक्ष पाहणी केली. सर्व कुटुंब घरी होते. मागील अंगण मोकळे आहे. वयोवृद्ध इसम सोफ्यावर आढळून आला व त्याने झोपलो नव्हतो असे सांगितले. शुक्रवारी सकाळी पुनःप्रक्षेपणात फेरपाहणी केली. परिस्थितीत बदल नाही."

मग नियमाप्रमाणे सूचना लागली. वाढीव बांधकामाला कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. ही सूचना कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागते आणि ती आजवर फक्त पावसाने वाचलेली आहे. या वेळी दोनशे अकरा हरकती आल्या.

पेन्सिलची तब्येत एकदम सुधारली. तो कामावर आला आणि हरकती वाचत बसला. हे घर अस्तित्वात नाही, अशी एकही हरकत नव्हती. एकाने लिहिलं होतं की नकाशात फ्रिज चुकीच्या भिंतीला आहे. एका दंतवैद्यीणबाईंनी तीन पानी पत्र लिहिलं होतं: आजोबांच्या कवळीचा पेला खिडकीत असतो, ते आत गेले तर पेलाही आत जाईल, आणि मी हा व्यवसाय त्या पेल्याकडे बघून निवडला आहे. एकाने नुसतंच लिहिलं होतं, "नको ना." आपल्या स्वतःच्या घराचा दरवाजा आत उघडतो की बाहेर हे विचारलं तर जी माणसं कार्यालयात उभी राहून हवेत हात हलवून बघतात, त्यांनी कासवाची बशी कुठल्या फरशीवर असते ते लिहून पाठवलं होतं. पेन्सिल थक्क झाला. बारा वर्षं तो या शहराचे नकाशे काढत होता आणि सगळं शहर राहत होतं भलतीकडेच.

दहापेक्षा जास्त हरकती आल्या की सुनावणी घ्यावीच लागते. मोठ्या बाईंनी तारीख दिली आणि खाली एक ओळ लिहिली: नकाशा काढणाऱ्याने हजर राहावे.

सुनावणीच्या खोलीत वीस खुर्च्या होत्या. लोक खिडक्यांत बसले होते. हेडमास्तर पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मोठ्या बाई आल्या, फाइल उघडली, आणि पेन्सिलकडे पाहिलं. आवकवाला टिपणं घ्यायला बसला.

हेडमास्तर बोलले, मुख्यतः जिन्यावर. दंतवैद्यीणबाई बोलल्या. मग एक बस ड्रायव्हर उठला. गणवेशातच होता.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "मी दोन वर्षं परक्या गावात नोकरीला होतो. भाषा येत नव्हती. खोलीवर आलो की टीव्ही लावायचो. ही मालिका तिथल्या भाषेत लागायची, मला एक अक्षर कळायचं नाही. पण आजोबा सोफ्यावरून पडले की मला कळायचं. आता हसायचं, हे मला कळायचं. त्यांना आत नका टाकू बाई." आणि तो टोपी चुरगाळत खाली बसला.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "माझीपण हरकत आहे."

पेन्सिलने मान वळवली. बाबा होते. इस्त्रीचा शर्ट घालून, मीटर वाचायला जाताना घ्यायचे ती जुनी पिशवी खांद्याला. मागे बायको उभी होती आणि छताकडे बघत होती.

"बाबा, घरी जा ना," पेन्सिल दबक्या आवाजात म्हणाला.

"तू अर्जदार आहेस का?"

"नाही."

"मग गप्प बस." बाबा पुढे आले. "बाई, मी चाळीस वर्षं मीटर वाचले. बेल वाजवली की दार उघडायला किंवा कोण आलंय ते ओरडून विचारायला म्हातारं माणूस असायचं. बाहेरच्या खोलीत. मी आकडा टिपेपर्यंत ते मला सगळं सांगायचं. सून कशी आहे, गुडघा कसा आहे, समोरच्याने गाडी घेतली. काही घरांत म्हाताऱ्यांना आत चांगली खोली असायची. पंखा, पलंग, सगळं. मी विचारायचो, कुठे आहेत? आत आहेत, म्हणायचे. पुढच्या वेळीही आत आहेत. चाळीस वर्षांत त्या आतल्या माणसांपैकी मला एकही भेटला नाही."

आवकवाला भराभर लिहून घेत होता.

"ज्याने खोली काढली त्याने मायेने काढली, ते मला ठाऊक आहे. मी बघत होतो ना त्याला, सहा रविवार. त्याला वाटलं मी झोपलोय." बाबांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण मी हॉलमध्येच बरा आहे. फक्त दिवाण जरा आखूड आहे."

आवकवाल्याने लिहिता लिहिता पेन उचललं. "काका, हॉल कुठला लिहू? तुमच्या घरचा की छत्रीवाल्यांचा?"

"दोन्हीकडचा लिही."

पेन्सिलने बायकोकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या. त्या 'बरं'च्या तळघरात बत्ती लागली. मग त्याच्या आयुष्यात कधी नाही ते झालं. कुणी हातात न धरता तो उभा राहिला.

"बाई, हा अर्ज खोटा आहे. घर खोटं, अर्जदार खोटा. कागद कार्यालयाचा आहे आणि चूक माझी आहे. नकाशा तेवढा खरा आहे. तो मी मनापासून काढलाय."

"असं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

पेन्सिलने दाराकडे, म्हणजे तळघराच्या दिशेने, एक पाऊल टाकलंसुद्धा.

"थांबा. बाथरूम कुठे आहे?"

"दाखवलेलं नाही बाई. चौदाशे भागांत."

"ते मलाही माहीत आहे. मला वाटलं, तुम्हाला तरी सापडलं असेल." त्यांचा आवाज किंचित पडला. मग त्यांनी आवकवाल्याला आदेश सांगायला सुरुवात केली. अर्ज नामंजूर. कारण: सदर घर अकरा वेळा जळूनही जसेच्या तसे उभे आहे, त्यात एक वीट वाढवण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही. अर्जदारास निर्णय मान्य नसल्यास त्याने तीस दिवसांत समक्ष हजर राहून अपील करावे. तोवर नकाशा काढणाऱ्यास टेबलावरून हलवू नये, कारण अर्जदार आल्यास नकाशा समजावून सांगावा लागेल.

सही करून त्यांनी घड्याळ पाहिलं. "सात वाजले. मंगळवार आहे," त्या म्हणाल्या. खोली दोन मिनिटांत रिकामी झाली.

पेन्सिलने त्याच आठवड्यात दिवाण सुताराकडून पाऊण फूट वाढवून घेतला. त्याला परवानगी लागत नाही. त्याने आधी नियम बघितला. पण कार्यालयात त्याचं चित्त नव्हतं. तीस दिवस. तिसाव्या दिवशी मुदत संपणार आणि मग बाई काय करतील, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी आवकवाला नवा शर्ट घालून आला. पाहणीवाल्याने दाढी केली होती. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. समोरच्या बाकावर एका माणसाएवढी जागा लोकांनी सकाळपासून आपोआपच मोकळी सोडली होती. दार वाजलं की सगळ्यांच्या माना वळत. एकदा पोस्टमन आला आणि एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून दचकून परत गेला. पाच वाजले. आवकवाल्याने खिडकी लावली नाही. पाच दहाला मोठ्या बाई स्वतः खाली उतरल्या, पेन्सिलच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

"नाही आला हो," आवकवाला म्हणाला.

"सुट्टी मिळाली नसेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "मालक कसा आहे ते बघता ना." मग त्या पेन्सिलकडे वळल्या. "उद्या येईल कदाचित. तुम्ही बसा इथेच."